कापूस वाहणाऱ्या गाडीला वारसा का म्हणू नये?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या दैनिकात जुन्या मोटारींच्या मेळाव्याचा फोटो पाहिला. चकचकीत पॉलिश, पितळी हॉर्न, फेटे बांधलेले मालक. खाली 'चाकांवरचा वारसा' असं लिहिलं होतं. तो फोटो मी दोनदा पाहिला आणि हे पत्र लिहायला बसलो. पत्र लांबलं आहे. जागा नसेल तर आमच्या घरचं कापा, पण जुन्या गाड्यांच्या नोंदणीच्या नियमाबद्दल जे लिहिलं आहे ते कृपा करून राहू द्या.

अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात आमची शेती आहे. थोडा संत्रा, बाकी कापूस आणि तूर. घरामागे गोठ्याला लागून १९६८ सालचा टाटा-मर्सिडीज १२१० ट्रक उभा आहे. २००३ मध्ये तो बंद पडला आणि २०२४ च्या दसऱ्याला, एकवीस वर्षांनी, स्वतःच्या इंजिनावर गोठ्याबाहेर आला. त्या दिवशी अर्धं गाव आमच्या अंगणात होतं. म्हातारी माणसं बोनटवर हात फिरवून जात होती. त्यातल्या एकांनी चप्पल काढून गाडीला नमस्कार केला. तो नमस्कार कशाला होता ते मला माहीत आहे आणि तेच सांगायचं आहे.

आजच्या मुलांना माहीत नसेल म्हणून आधी गाडीविषयी. टेल्को ही टाटांची, मुळात जमशेदपूरला रेल्वेची इंजिनं बनवणारी कंपनी. १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झशी करार झाला आणि तिथं ट्रक तयार होऊ लागले. करार संपला १९६९ मध्ये. तोवर त्या ट्रकच्या तोंडावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असायचा, नंतर तिथं इंग्रजी 'टी' आला. आमची गाडी ताऱ्याच्या अखेरच्या दिवसांतली, लांब बोनटची. १२१० मधले १२ म्हणजे मालासकट बारा टन वजन आणि १० म्हणजे शंभर अश्वशक्ती. आमच्या मोठेबाबांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावानं, हे मला मी चौथीत असताना शिकवलं होतं, पाढ्यांच्या आधी.

गाडी आमच्याकडे आली १९७७ मध्ये, अचलपूरच्या एका जिनवाल्याकडून (जिन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना), जुनी. आबाजींनी, म्हणजे आजोबांनी, त्यासाठी दोन एकर कोरडवाहू विकलं. मोठेबाबा आणि बाबा दोघंही गाडी चालवायला शिकले. मोठेबाबा हिशेब बघत आणि बाबा स्टिअरिंगवर. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. गाडी माझ्याहून एका वर्षानं लहान, त्यामुळे मला ती धाकट्या भावासारखी वाटायची.

तो एकाधिकार खरेदीचा काळ. १९७२ पासून राज्यात कापूस फक्त सरकारी खरेदी केंद्रावरच द्यायचा असा कायदा लागू झाला होता, खासगी व्यापाऱ्याला विकता येत नव्हता. दिवाळी झाली की केंद्रापुढे बैलगाड्यांची रांग लागायची. ज्याच्याकडे गाडीबैल नाही, किंवा ज्याचे बैल थकलेले, त्याचा कापूस घरातच पडून राहायचा आणि चुकारा आणखी लांबायचा. चुकारा हा शब्द आता शहरात कुणी वापरत नाही. कापसाचे पैसे हातात पडणं म्हणजे चुकारा. पोराची फी, पोरीचं लग्न, सावकाराचं व्याज, सगळं चुकाऱ्यावर अडकलेलं असायचं.

आमच्या ट्रकच्या हौद्यात पाच-सहा घरांचा कापूस एकत्र जायचा. कुणाचं गाठोडं कुठलं ते कळावं म्हणून प्रत्येकाच्या गाठोड्याला वेगळ्या रंगाच्या लुगड्याची चिंधी बांधलेली असे. पिवळी चिंधी, हिरवी चिंधी, काठाची चिंधी. भाडं बाबा चुकारा मिळाल्यावरच घेत. केंद्रावर नंबर लागेपर्यंत एक-दोन रात्री जायच्या आणि मी बाबांसोबत असलो की कापसावरच झोपायचो. थंडीच्या दिवसांत नव्या कापसावर झोपल्यावर अंगाखालून जी ऊब येते, ती मला अजून आठवते. पहाटे केस, भुवया, पापण्या सगळ्यांवर कापूस चिकटलेला.

त्या गाडीनं आणखी काय काय वाहिलं त्याची यादी माझ्याकडे नाही, पण बहिणीचं वऱ्हाड त्याच हौद्यात सतरंज्या अंथरून गेलं. डिसेंबर संपता संपता गावातल्या बायका-पोरांना घेऊन गाडी बहिरमच्या यात्रेला जायची, तिथं गोवऱ्यांवर रोडगे भाजायचे आणि रात्री परत. संत्र्याच्या दिवसांत नागपूरची मंडी. दुष्काळाच्या वर्षी पाण्याचे ड्रम. आणि एका पावसाळी रात्री शहानूर नदीला पाणी असताना शेजारच्या घरातली पहिलटकरीण. बाबांनी आधी कमरेएवढ्या पाण्यात उतरून काठीनं तळ चाचपला आणि मग गाडी घातली. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आले. दसऱ्याला चप्पल काढून नमस्कार करणारे गृहस्थ त्या बाळाचे वडील.

बाबा २००३ च्या उन्हाळ्यात गेले. मोठेबाबा त्याआधीच गेले होते. मला ट्रॅक्टर येत होता, ट्रक येत नव्हता, आणि कापूस तोवर खासगी व्यापारी बांधावर येऊन मोजून नेऊ लागला होता. गाडी गोठ्याला लावली ती लावलीच. तिच्या अंगाला टेकवून आम्ही पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, ढीग रचत गेलो. केबिनमध्ये धामण राहायला आली. कुणीतरी बोनटवरचा तारा उपटून नेला. मुलांनी हेडलाइट फोडले. आज हे लिहिताना वाईट वाटतं, पण तेव्हा आम्ही पाहून न पाहिल्यासारखं केलं.

२०२२ च्या दिवाळीनंतर भंगारवाला आला. किलोवर भाव सांगितला. चार टन लोखंड धरून हिशेब कागदावर मांडला, पैसे वाईट नव्हते. मुलगा म्हणाला, बाबा, जागा तरी मोकळी होईल. आमची माय ओट्यावर वाती वळत बसली होती. तिचं वय तेव्हा एक्क्याऐंशी. ती वर न बघता एवढंच बोलली, "कटर लावाच्या आधी मले माह्या बहिणीकडे पोचवून दे. माह्या डोयासमोर नको." भंगारवाल्याला मी चहा पाजला आणि परत पाठवला.

परतवाड्याचे एक मिस्त्री आहेत, वय सत्तरीच्या पुढे. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. बाबांच्या वेळी ते त्याच गाडीवर क्लिनरची कामं करत करत मिस्त्री झाले. मी त्यांना घेऊन आलो. त्यांनी पऱ्हाट्या बाजूला करवल्या, बोनट उघडलं, डिपस्टिक काढून बोटावर ऑइल चोळलं, वास घेतला. म्हणाले, "गाडीले काई झालं नाई भाऊ. बसून बसून आखडली हाये."

इंजिन जाम होतं. ते मूळचं मर्सिडीजचं नव्हतं, मोठेबाबांनी १९८४ मध्ये टाटाचं ६९२ इंजिन बसवून घेतलं होतं. सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा बोअर ९२ मिलिमीटर, म्हणून ६९२. मला वाटलं आता ट्रॅक्टरनं ओढून, गिअरमध्ये टाकून सोडवतील. मिस्त्रींनी ते करू दिलं नाही. ओढलं तर पिस्टन तुटेल, कनेक्टिंग रॉड वाकेल, मग काहीच उरणार नाही. त्यांनी सहाही नोजल काढले आणि प्रत्येक भोकातून डिझेल आणि ऑइल निम्मं-निम्मं करून कपभर ओतलं. वर चिंध्यांचे बोळे कोंबले. पुढच्या पुलीवर खडूनं एक पांढरी रेघ मारली आणि तिच्या समोर इंजिनावर दुसरी. मग पुलीच्या नटाला पाना लावून त्यात पाच फुटी पाइप घातला आणि माझ्या हातात दिला. "रोज सकायी एकदा हात लावा. जोर नाई लावाचा. फक्त तिले इचाराचं."

मी रोज सकाळी दूध काढून झालं की जायचो. पाइपला भार द्यायचो, रेघा बघायचो. दोन्ही रेघा समोरासमोर. दर तीन दिवसांनी तेल पुन्हा ओतायचो. आठवा दिवस, बारावा दिवस, काही नाही. सतराव्या दिवशी पाइप हातात किंचित खाली गेला. मला वाटलं पाना निसटला. बघतो तर पुलीवरची रेघ इंजिनावरच्या रेघेपासून बोटभर खाली. आवाज काहीच झाला नाही. मी तसाच पाइप धरून उभा राहिलो आणि मायला हाक मारली. ती काठी टेकत आली, वाकून दोन्ही रेघा पाहिल्या आणि म्हणाली, "हालली व माय."

पुढचं काम वेळेचं आणि पैशाचं. हेड उघडलं तेव्हा तिसऱ्या आणि पाचव्या सिलिंडरमध्ये गंजाची गोल कडी दिसली. सहाही लायनर-पिस्टन बदलले, क्रँक अकोल्याला घासून आणला, डिझेल पंप पंपवाल्याकडून कॅलिब्रेट केला. डिझेलच्या टाकीत खडी टाकून ती झोक्यासारखी हलवत धुतली, चार वेळा. ब्रेकचे सगळे रबर आणि पाइप नवे. नऊशे-वीसचे सहा टायर आणि एक स्टेपनी. टायरच्या रिंगबद्दल एक सांगून ठेवतो, कारण जुन्या गाडीत हात घालणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही. या चाकांना वरून लोखंडी लॉक रिंग असते. ती गंजलेली असली किंवा नीट बसली नाही तर हवा भरताना बंदुकीच्या गोळीसारखी उडते, माणूस जागच्या जागी जातो. चाकाला साखळी गुंडाळल्याशिवाय हवा भरू नका आणि समोर उभे राहू नका.

हौदा मात्र घरीच केला. खालची आडवी लाकडं बाभळीची आणि वरच्या फळ्या सागाच्या. अर्ध्या फळ्या कुजल्या होत्या. सुतार आणि मी एकेक फळी उचलत गेलो. तिसऱ्या फळीखाली, बाभळीच्या आडव्या लाकडाच्या खाचेत, कापूस दाबून बसला होता. तपकिरी झालेला, पण कापूसच. बोटानं उकलला तर आत सरकी. त्यात वीस पैशांचं एक नाणं आणि एक चिंधी, हिरव्या लुगड्याची, गाठ मारलेली तशीच. मी ती मायला दाखवली. तिनं ती चिंधी घेतली, दोन्ही अंगठ्यांनी सपाट केली आणि घराचं नाव सांगितलं. त्या घरात आता कुणी राहत नाही. पोरं पुण्याला आहेत, घराला कुलूप आहे. चिंधी मायनं तिच्या पेटीत ठेवली.

रंग खरवडताना थर निघत गेले. वर लाल, त्याखाली हिरवा, त्याखाली राखाडी. केबिनच्या कपाळावर बाबांनी लिहून घेतलेलं 'श्री गाडगेबाबा प्रसन्न' होतं. गाडगेबाबांचं शेंडगाव आमच्याच तालुक्यातलं, त्यांच्या नावाशिवाय आमच्याकडची गाडी रस्त्यावर निघत नसे. ती अक्षरं घालवायची माझी हिंमत होईना. अंजनगावचा एक पेंटर आहे, हल्ली फ्लेक्स छापतो, ब्रश हातात धरून वर्षं झाली होती. तो आला, अक्षरांवर बटर पेपर चिकटवला आणि पेन्सिलीनं एकेक अक्षर उतरवून घेतलं. 'प्र' ची तिरपी रेघ जुन्या पेंटरनं ज्या लहरीत ओढली होती ती लहर त्याला दोन तास जमेना. खोडायचा, पुन्हा काढायचा. त्यानं मग मजुरी घेतली नाही. त्या अक्षरांखाली खरवडल्यावर आणखी जुनी अक्षरं निघाली, 'पब्लिक कॅरिअर'. १९३९ च्या जुन्या मोटार कायद्यात भाड्यानं माल नेणारा तो पब्लिक कॅरिअर आणि स्वतःचा माल नेणारा तो प्रायव्हेट कॅरिअर, असे दोन परवाने असत. १९८८ च्या कायद्यानं तो भेद गेला. ती अक्षरं आम्ही तशीच ठेवली आहेत, वरून फक्त वार्निश.

सगळा मिळून खर्च चार लाख दहा हजार. संत्र्याच्या आंबिया बहाराचे दोन वर्षांचे पैसे त्यात गेले. घरात यावरून बोलणं झालं, ते इथं लिहीत नाही.

आता नियमाकडे येतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी अधिसूचना काढली. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला वेगळी नोंदणी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, फी वीस हजार, नोंदणी दहा वर्षांची. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, दुरुस्ती आणि इंधन भरणं यासाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नाही. नियम चांगला आहे. मुलानं तो मला मोबाइलवर वाचून दाखवला तेव्हा मी आनंदलो, वीस हजार बाजूला काढून ठेवले. पुढची ओळ वाचली. हे फक्त दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी, आणि तीही व्यापारी वापराची नसलेली. आमच्या गाडीला मागे जोडचाकं धरून सहा चाकं आहेत आणि कागदावर ती मालवाहू आहे. वय छप्पन्न असूनही ती व्हिंटेज नाही.

तरीही मी एका परिवहन कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी माणुसकीनं ऐकून घेतलं. आमचं जुनं नोंदणी पुस्तक म्हणजे 'एम' नं सुरू होणारी तीन अक्षरं आणि चार आकडे, १९८९ मध्ये एमएच आणि जिल्ह्याचा क्रमांक अशी पद्धत यायच्या आधीचं. संगणकात ती नोंदच नाही. बाबा होते तोवर गाडी वापरात नसेल त्या काळाचा 'नॉन-यूज'चा अर्ज न चुकता देत, त्यांच्यानंतर कुणी दिला नाही. आधी मूळ रजिस्टर शोधायचं, मग बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवणं, मग वारस म्हणून फॉर्म ३१, मग थकलेला कर, मग फिटनेस. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या जड मालवाहू गाडीच्या फिटनेस नूतनीकरणाची फी साडेबारा हजारांवर नेली गेली. ही फी रोज धंदा करून धूर सोडणाऱ्या जुन्या ट्रकला आळा बसावा म्हणून आहे आणि त्या कारणासाठी ती मला मान्य आहे. पण वर्षातून दोनदा यात्रेला आणि एकदा प्रदर्शनालाच न्यायच्या गाडीनं कायदेशीर राहण्यासाठी धंदेवाईक ट्रकच्याच दारातून जायचं, दुसरं दारच नाही, हे बरोबर वाटत नाही.

इथं एक गैरसमजही दूर करायला हवा. पंधरा वर्षं झाली की गाडी सरकार भंगारात नेतं, असं आमच्याकडे सर्रास बोललं जातं आणि त्या भीतीनं कित्येकांनी चांगल्या गाड्या कापून टाकल्या. सक्तीनं भंगारात काढण्याचा नियम एप्रिल २०२३ पासून लागू झाला तो सरकारी मालकीच्या गाड्यांना. आपल्या भागात इतरांची गाडी केवळ वयामुळे कुणी उचलून नेत नाही. ती फिटनेसमध्ये बसते की नाही, यावर सगळं आहे.

नियमातली दुसरी अट 'मूळ रूपा'ची. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. मोटारीसाठी ती योग्य असेल. ट्रकचं काय करायचं? त्या काळात कंपनी बहुतेकदा चेसिस आणि पुढचा दर्शनी पत्रा एवढंच द्यायची. केबिन आणि हौदा बांधायचे आपलेच सुतार-लोहार. आमच्या गाडीचा हौदा कमीत कमी तीनदा नवा झाला आहे, इंजिन एकदा बदललं आहे, पाटे किती वेळा बदलले याची गणती नाही. ती चालती राहावी म्हणूनच हे सगळं केलं. ती एखाद्या वाड्याच्या पोर्चमध्ये झाकून ठेवली असती तर मूळ रूपात राहिली असती आणि एकाही घरचा कापूस केंद्रावर पोचला नसता. मेळघाटच्या सागाची फळी, परतवाड्याच्या लोहारानं ठोकलेले दोर बांधायचे आकडे, पेंटरच्या हातची अक्षरं, हे या गाडीचं मूळ रूपच आहे.

वर्ध्याला मगन संग्रहालय आहे. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते ते सुरू झालं. तिथं चरखे आहेत, खेड्यातल्या उद्योगांची अवजारं आहेत. आम्ही शाळेची सहल घेऊन गेलो होतो तेव्हा मुलं चरख्याभोवती अर्धा तास उभी होती. सूत कातण्याचं अवजार वारसा आहे यावर कुणी वाद घालत नाही. मग तो कापूस शेतातून बाहेर नेणारी गाडी का नाही? आमच्याकडची शकुंतला रेल्वे याच कापसासाठी घातलेली. मूर्तिजापूर, दर्यापूर, कापूसतळणी, अंजनगाव, पथ्रोट, अचलपूर. तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं. आता रुळांवर गवत आहे. शकुंतला पुन्हा सुरू करा म्हणून लोक अर्ज-विनंत्या करत आले आहेत, मीही त्यांतल्या काहींवर सह्या केल्या आहेत. रेल्वे जिथं पोचली नाही त्या पांदण रस्त्यांवर याच ट्रक होत्या, आणि त्यांच्यासाठी कुणी अर्ज केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. वऱ्हाडात अशा किती गाड्या गोठ्यांत उभ्या असतील ते मला सांगता येणार नाही. आमच्या पंचक्रोशीत मी स्वतः डोळ्यांनी तीन पाहिल्या. त्यातली एक गेल्या वर्षी कापली गेली.

माझं मागणं मोठं नाही. आपल्या भागाचे खासदार-आमदार आपलं दैनिक वाचतात, म्हणून लिहितो. पन्नास वर्षांवरच्या मालवाहू गाड्यांनाही व्हिंटेज नोंदणीत घ्या. अटी मोटारींच्याच ठेवा, हव्या तर जास्त कडक ठेवा. माल नको, भाडं नको, ब्रेक आणि धुराची तपासणी दरवर्षी करा, मी फी भरीन. मूळ रूप बघताना चेसिसचा नंबर आणि गाडीचा घाट बघा, हौद्याची फळी कोणत्या सालची ते विचारू नका. आणि परिवहन कार्यालयांच्या माळ्यावर १९८९ च्या आधीची जी कागदी रजिस्टरं असतील ती वाळवीच्या आधी कुणीतरी फोटो काढून ठेवा. आमच्या गाडीचा पहिला मालक, पहिली तारीख, पहिला परवाना त्या एका पानावर असेल आणि ते पान गेलं तर दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.

वाचकांनाही एक विनंती. कुणाच्या घरी अशी गाडी असेल तर ती कापायच्या आधी चेसिसवरचा नंबर, केबिनवरची अक्षरं आणि जुनं नोंदणी पुस्तक यांचे फोटो तरी काढा. सीटखालची पत्र्याची पेटी उघडून बघा. आमच्या पेटीत बाबांची वही निघाली. पेन्सिलीनं लिहिलेल्या तारखा, गावं, डिझेलचे लिटर आणि काही नावांपुढे 'भाडे नाही' असा शेरा. कुणाच्या घरी दुःख झालं होतं, कुणाचं पीक गेलं होतं, त्याची ती नोंद आहे. ही वही आमच्या घरातही कुणाला माहीत नव्हती.

गाडी सध्या विहिरीपासून पलीकडच्या धुऱ्यापर्यंत जाते आणि परत येते. रस्त्यावर आम्ही ती आणत नाही. आठवड्यातून एकदा सुरू करतो म्हणजे पुन्हा आखडणार नाही. मिस्त्री मला ट्रक चालवायला शिकवत आहेत, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. माय बाजूला बसते.

एक वस्तू अजून मिळालेली नाही. बोनटवरचा तो तीन टोकांचा तारा. अमरावती, अकोला, नागपूर इथल्या जुन्या सामानाच्या दुकानांत शोधून झालं. मोटारीचा मिळतो, तो लहान आहे, बसत नाही. १९६९ च्या आधीच्या टाटा-मर्सिडीज ट्रकचा तारा कुणाच्या माळ्यावर, कपाटात, गोठ्याच्या खुंटीवर पडला असेल तर कृपया आपल्या कार्यालयामार्फत कळवावं. तुटका असला तरी चालेल, अचलपूरला ओतून जोडून देणारे आहेत. सांगाल ती किंमत देईन, आणि द्यायचा नसेल तर साचा घेण्यापुरता चार दिवस द्या, मी स्वतः येऊन नेईन आणि स्वतः परत आणून देईन.

आपला,
एक कापूस-संत्रा उत्पादक शेतकरी,
ता. अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती